दाजींचा डावा पाय

सरळच सांगते. ती गाडी मी शाळेला जायला सोयीची म्हणून घेतली नाही, पावसापाण्याची सोय म्हणून नाही आणि आईला दवाखान्यात न्यायला म्हणून तर नाहीच नाही. लोकांना मी हीच कारणं सांगते, लोक माना डोलावतात आणि विषय संपतो. खरं कारण एकच होतं आणि ते ईट गावाला राहत होतं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी.

आमचं घर जळकोटला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. घरात आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ नाही, अक्का लग्न होऊन ईटला गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा डावा पाय दुसऱ्या वर्षीच पोलिओनं गेला, गुडघ्याखाली नुसता नावाला आहे. काठी घेऊन चालते. उजवा मात्र खणखणीत आहे, आणि जीभही.

आमच्याकडं जावयाचं काय प्रस्थ असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो बोलला की ऐकायचं, रुसला की समजूत काढायची, त्यानं टिंगल केली की हसायचं. उलट बोललं तर भोगायला बहीण असतेच सासरी. आणि दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की त्याला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, नवे कपडे, ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा. त्याआधी पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे. वडील होते तोवर ते धुवायचे. त्यांच्या मागं आईची कंबर वाकत नाही म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मला खाली बसायला आणि परत उठायला किती त्रास होतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते माझ्याकडंच आलं.

असाच एक धोंडा होता. मी नोकरीत कायम होऊन थोडेच दिवस झाले होते. दाजींनी नवी कोरी जीप घेतली होती आणि तिच्यातूनच ते आले होते. सगळी भावकी जीपभोवती फिरून आली, मीपण फिरून आले. मग पाय धुतले, पंगत बसली. मी वाढत होते. वाढता वाढता सहज विचारलं, "दाजी, मला गाडी शिकवता का? मलाबी घ्यायची हाय."

दाजींच्या तोंडात घास होता. तो गिळायचीही त्यांनी वाट बघितली नाही. म्हणाले, "क्लच काय काठीनं दाबणार हाईस व्हय?"

पंगतीला पंधरा-वीस माणसं होती. सगळी हसली. एकाला तर ठसका लागला आणि त्याला पाणी मीच दिलं. आणि तुपाची वाटी हातात धरून उभी असलेली माझी आई, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसले. जावयाच्या बोलण्याला हसावं लागतं. अक्का तेवढी हसली नाही, ती खाली मान घालून भात कालवत होती.

ते वाक्य तिथंच संपलं असतं तर मी विसरलेही असते, कुणी सांगावं. पण दाजींना ते लई आवडलं. पुढच्या धोंड्याला दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "काय, आणली का काठी क्लचला?" त्याच्या पुढच्याला नव्या पाहुण्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. अक्काच्या दिराच्या लग्नात मी ओटी भरायला पुढं झाले तर मांडवात सांगितली. चार धोंडे झाले. चारही वेळा मी त्या माणसाचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले, आणि दर वेळी मनात म्हणत होते, थांबा दाजी, मरायच्या आत हे वाक्य तुम्हाला परत करीन. व्याजासकट वगैरे नको होतं मला. आहे तसंच, चारचौघांत, त्यांच्याच हातात ठेवायचं होतं.

तोवर मी शाळेला जात होते मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. ऑटोमॅटिक गाडी असते हे मला माहीत होतं. तिला क्लच नसतो, गिअर तिचा तीच बदलते. उजव्या पायानं एक पायडल दाबलं की चालते, शेजारचं दाबलं की थांबते, डाव्या पायाला काम नाही. पण नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. जुनी बघायची तर ती पेट्रोलवर. मला डिझेलचीच हवी होती, कारण रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर, आणि शेतातल्या ट्रॅक्टरसाठी डिझेलचा बॅरल आमच्या ओसरीला असतोच. धाराशिवला एका जुन्या गाड्यांच्या दलालाला विचारलं तर तो म्हणाला, "म्याडम, आपल्याकडं गिअर टाकल्याबिगर लोकांला गाडी चालवल्यावानी वाटत न्हाय. तसली गाडी कोण आणून ठिवणार?"

मग सोलापूरच्या एका डॉक्टरांच्या गाडीचा पत्ता लागला. हे डॉक्टर सतरा वर्षं इंग्लंडात राहून कायमचे परत आले होते आणि येताना स्वतःची गाडी जहाजातून घेऊन आले होते. रीतसर कर भरून, इथला नंबर घेऊन. डिझेलची, ऑटोमॅटिक, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजव्या बाजूला. आता त्यांना दिसायला कमी झालं होतं आणि गाडी कुणी घेत नव्हतं. एखादा भाग मोडला तर मिळणार कुठं, ही सगळ्यांची भीती. शिवाय वेगाचा काटा मैलात. बंगल्याच्या मागं कापडाखाली झाकून ठेवली होती. ज्यांनी ज्यांनी बघितली ते चहा पिऊन निघून गेले, असं डॉक्टरांच्या बायकोनं सांगितलं. मला बघून गेलेली स्थळंही अशीच चहा पिऊन निघून गेली होती. ते तिथं उगाच आठवलं आणि माझा मलाच राग आला.

गाडी तपासायला मी नळदुर्गच्या रस्त्यावरच्या मिस्त्री चाचांना घेऊन गेले होते. माझी स्कूटर तेच बघायचे. साठीच्या पुढचे, ट्रकवर उमेदवारी केलेले, जन्म सगळा इंजिनात डोकं घालून गेलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन बघितलं, खाली आडवे होऊन बघितलं आणि उठून म्हणाले, "शरीफ गाडी है बाई. ले लो." मग चालवून बघायला बसले, मी शेजारी. गेटातून बाहेर पडून दहा कदम गेलो असू, वळण आलं आणि गाडी अशी काही जागच्या जागी थांबली की माझं डोकं समोर आपटता आपटता राहिलं.

चाचांनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागले. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. क्लचच्या गाडीचा ड्रायव्हर वळण आलं, उंचवटा आला की डावा पाय दाणकन खाली घालतो. तिथं क्लच असतो, तो दाबायचाच असतो, जोरात. ह्या गाडीत तिथपर्यंत येतं रुंद ब्रेकचं पायडल. क्लचच्या जोरानं ब्रेक दाबला की गाडी ठप्प. "मेरेकू मालूम है इसमें क्लच नै," चाचा म्हणाले. "मगर पाँव को कान नै रहते बाई. पुराने डायवर के हात में ये गाडी नक्को देना." मग त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली, तो पाय सीटखाली घातला आणि तसाच अडकवून ठेवून गाडी परत आणली. "बस, इतनाच करने का. बायाँ पाँव पीछे. फिर कुछ झंझट नै."

खरं सांगते, मी त्या वेळी गाडी बघतच नव्हते. मला डोळ्यासमोर दिसत होता दाजींचा डावा पाय. पोटरीला गाठ, अंगठ्याचं नख जाड पिवळं, चार वेळा धुतलेला, ओळखीचा. बंगल्यात परत जाऊन मी डॉक्टरांना सांगितलं, गाडी घेते. त्यांनी विचारलं, "घरच्यांना विचारायचं नाही का?" मी म्हणाले, घरची मीच आहे.

पुढचे पंधरा-वीस दिवस चाचा मला हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर शिकवत होते. माझा डावा पाय काही कुठं जात नाही, तो असतो तिथंच पडून राहतो, त्यामुळं मला ती अडचण कधी आलीच नाही. "तुम पैदाइशी इसी गाडी की डायवर हो," चाचा म्हणायचे. आरटीओच्या साहेबांनी दोन फेऱ्या मारून घेतल्या, रिव्हर्स घ्यायला लावलं आणि सही केली. पहिल्यांदा एकटी शाळेत गेले त्या दिवशी काटा चाळीसवर होता आणि माणसं भरून पळणाऱ्या वडापच्या जीपा मागं पडत होत्या. चाळीस मैल म्हणजे आपले चौसष्ट, हे माझ्या लक्षात यायला अर्धा रस्ता गेला. पोरांनी मैदानात येऊन टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मी दिवस मोजत होते अधिक महिन्याचे.

ईटला ही खबर पोचलीच होती. दाजींचा आईला फोन आला. "भंगार आणलंय म्हणं इंग्रजाचं," म्हणाले. आईनं मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी म्हणाले, त्यांना म्हणावं धोंड्याला या आणि बघा.

आले. ह्या वेळचा अधिक महिना उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी. मी आदल्या दिवसापासून राबत होते. पुरण मी वाटलं, अनारसे मी तळले, खसखस एकेकाला निगुतीनं लावली. दाजींना पांढराशुभ्र पोशाख आणि टोपी घेतली, चांगल्यातली. त्यांना पाटावर बसवलं, काठी बाजूला ठेवून खाली बसले आणि पाय धुतले. डावा जरा जास्तच वेळ धुतला. दाजी खूश झाले. म्हणाले, "मेव्हणीची माया दर धोंड्याला वाढायलीय." मी म्हणाले, "व्हय दाजी. तुमचीच कृपा."

जेवणं झाली. वाणाचं ताट तुळजापूरला देवीपुढं ठेवून मग ईटला न्यायचं असं आईनं ठरवलं होतं. तुळजापूरला जाऊन यायचं माझ्या गाडीतून. दाजी बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर लाथ मारून बघितली. भावकीतले चौघे-पाचजण ओट्यावर बसलेले. दाजींनी त्यांच्याकडं बघून विचारलं, "काठी ठिवलीय का आत, क्लचला?" आणि झालं, हसले सगळे. पाचवा धोंडा, तेच वाक्य.

मग मला अगदी हवं होतं तेच झालं. दाजींनी हात पुढं केला. "आण चावी. आता मेव्हणी चालवणार आणि म्या शेजारी बसून जाणार व्हय गावातून? लोक शेण घालतील तोंडात."

मी चावी लगेच दिली नाही. मला पुढं कुणी असं म्हणायला नको होतं की हिनं फसवलं. म्हणून मी सगळ्यांच्या देखत, स्वच्छ आवाजात सांगितलं, "दाजी, हिला क्लच न्हाय बरं का. ऑटोमॅटिक हाय."

"मला शिकवतीस? बावीस वर्षं गाडी हाणतोय म्या. ट्रॅक्टर हाणलाय, ट्रक हाणलाय. क्लच न्हाय म्हणजे सोपंच की."

"सोपंच हाय," मी म्हणाले आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

डावा पाय मागं घ्या, एवढे चारच शब्द होते. ते मी गिळले. अगदी ठरवून, शुद्धीत गिळले. आईला मागं बसवलं आणि पट्टा लावला. तिच्या शेजारी अक्का, मांडीवर अनारशाचं ताट, तिलाही पट्टा लावायला लावला. मी पुढं डावीकडं बसले, माझा लावला. दाजींना सांगितलं नाही. गाडी टुंग टुंग करायला लागली तर दाजी म्हणाले, "का वरडायलीय ही?" मी म्हणाले, "नवा माणूस बघून वरडती ती." गल्लीतून जाताना वेग बेताचा असतो, कुणाच्या जिवाला काही होणार नाही, एवढा विचार मी केलेला होता. त्यापुढचा केला नव्हता.

ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा 'डी'वर कसा आणायचा ते मी दाखवलं. गाडी आपसूक पुढं सरकली. दाजींना गंमत वाटली. "ह्यात काय हाय? ही तर बैलाबिगर चालणारी गाडी." वळायच्या आधी इशारा द्यायला त्यांनी उजवीकडची दांडी ओढली, तर रणरणत्या उन्हात काचेवर वायपर फिरायला लागले, कारण त्या गाडीत दांड्या उलट्या बाजूला आहेत. ते बंद करता करता आम्ही चौकात आलो. चौकात चहाचं हॉटेल, बाहेर बाकडी, बाकड्यांवर निम्मं गाव. आणि हॉटेलच्या बरोबर समोर गतिरोधक.

मी दाजींच्या पायाकडं बघत होते. उंचवटा जवळ आला. उजवा पाय उचलला गेला आणि डावा गेला खाली, बावीस वर्षांच्या जोरानं.

गाडी जिथल्या तिथं थांबली. दाजी छातीनं स्टिअरिंगवर गेले आणि हॉर्न वाजत राहिला. टोपी काचेवर जाऊन पडली. मागून अनारसे आले, एक दाजींच्या मानेवर बसला आणि कॉलरमधून आत गेला. बाकड्यांवरच्या माणसांनी कप खाली ठेवले.

"ब्रेक चिकटतोय हिचा," दाजी म्हणाले. मी म्हणाले, "असंल." त्यांनी गाडी पुढं घेतली, गतिरोधकावर चढली, उतरताना परत डावा पाय. परत हॉर्न. आता माणसं उठून उभी राहिली. मागं एक टेम्पो येऊन थांबला आणि तोही हॉर्न वाजवायला लागला. तिसऱ्यांदा दाजींनी दात आवळून, खाली पायांकडं बघत गाडी काढली, आणि खाली बघताना समोर म्हैस आली ते दिसलं नाही, दिसलं तेव्हा डावा पाय पुन्हा गेलाच. चाचा म्हणाले होते ते शंभर टक्के खरं होतं, त्या पायाला कान नव्हते.

हॉटेलातून एकजण आला, खिडकीत वाकून म्हणाला, "काय झालं पाव्हणं? गाडी येत न्हाय का?"

दाजींच्या कपाळावर घामाचे थेंब आणि मानेवर खसखस. ते उतरले. मी पण उतरले. बॉनेटला वळसा घालून त्यांच्या बाजूला जायचं होतं. मला ते अंतर एरवी पटकन कापता येतं. त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश गेले, काठी टेकत, गावाला नीट दिसेल अशी. दाजी दार धरून उभे होते. मी काठी त्यांच्या हातात दिली.

"एवढी धरा दाजी," मी म्हणाले. "हिच्यात क्लच असता तर मला लागली असती."

कुणीतरी आधी हसलं, मग सगळी बाकडी हसली. ज्यांनी आमच्या पंगतीला ते वाक्य ऐकलं होतं त्यातले दोघे-तिघे तिथं होते, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं असणार, कारण गाडी चालू करून मी निघाले तरी मागं हसू वाढतच होतं. दाजी डावीकडं बसले, माझी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. तुळजापूरपर्यंत तशीच धरून होते. मागं ठेवावी, खाली ठेवावी, काही सुचलं नाही त्यांना. मी काटा पन्नासवर नेला, मैलाच्या पन्नासवर. दाजींनी एकदा काट्याकडं बघितलं, एकदा बाहेर पळणाऱ्या झाडांकडं बघितलं आणि मग पट्टा लावला.

आरशात मला आई दिसली. पदर तोंडाला लावून ती हसत होती. बारा वर्षांपूर्वी तुपाची वाटी धरून हसली होती तश्शीच, तेच हसू. मला वाटलं होतं हे बघून मला लई आनंद होईल. उलट असा संताप आला आईचा. माझ्या वेळी मला हसली, आता त्यांना हसायलीय. जो वरचढ त्याच्या बाजूनं हसायचं, एवढंच तिला येत होतं. अक्का तिच्या शेजारी वाकून खाली पडलेले अनारसे एकेक उचलून ताटात ठेवत होती. ती ह्याही वेळी हसली नाही. देवीपुढं मी काही मागितलं नाही, मागायचं काही उरलेलं नव्हतं.

जळकोटला परत आलो आणि संध्याकाळ व्हायच्या आत दाजी अक्काला घेऊन निघून गेले. मी दिलेली टोपी ओट्यावर ठेवून गेले. आई दारात उभी राहून विनवत होती, ते बघायलासुद्धा वळले नाहीत.

मग अक्काचा फोन यायचा बंद झाला. दर रविवारी सकाळी यायचा, तो एक रविवार चुकला, मग दुसरा. मी केला तर उचलेना. ईटच्या एका पाहुण्याकडून कळलं की दाजींनी सांगितलंय, त्या घरचं पाणी प्यायचं न्हाय. आई माझ्या मागं लागली, फोन कर, पाया पड, तुझी जीभ झडू दे पण माझ्या लेकीचं माहेर तोडू नको. मी म्हणाले, "म्या काय केलं? चावी मागितली, दिली. क्लच न्हाय म्हणून सांगितलं." आई म्हणाली, "मला शिकवू नको."

मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. चौकातला तो हॉर्न आठवला की आजही माझं जेवण गोड लागतं. पण रविवारी सकाळी फोन शेजारी ठेवून बसायचे तेव्हा कळायचं, की मी त्यांचं वाक्य त्यांना परत केलं आणि ते घेऊन ते एकटे घरी गेले नव्हते. अक्काही त्याच घरी गेली होती. त्या घरात रोज काय चालत असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. हिशेब माझा आणि दाजींचा होता, आणि बहुतेक अक्का भरत होती.

सोयाबीन काढायला आलं त्या सुमारास एका सकाळी अक्का दारात उभी. एकटी, हातात एक पिशवी. तीन एसट्या बदलून आलेली, तोंड धुळीनं भरलेलं. आई रडायलाच लागली. अक्कानं चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि मला म्हणाली, "चल बाहेर."

बाहेर गाडी उभी होती. अक्का तिला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तू त्यास्नी सगळं सांगितलं न्हाईस."

मी म्हणाले, "सांगितलं की. क्लच न्हाय म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं."

"ते न्हाय. तुळजापूरहून येताना म्या तुझ्या पायाकडं बघत होते. डावा पाय तुझा मागं असतो, सीटखाली. तेवढंच करायचं असतंय न्हवं?"

मी हो म्हणाले. तिला खोटं सांगायची मला सवय नाही.

"तेवढं का सांगितलं न्हाईस?"

"का, ते तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय," अक्का म्हणाली. ती काचेवरच्या धुळीत बोट फिरवायला लागली. मला वाटलं आता बोलेल, आता शिव्या देईल, तिचा हक्कच होता. मी ऐकून घ्यायला तयार होते. ती म्हणाली, "त्या दिवसापासून त्यांनी मला जीपीत बसवलं न्हाय. बाजाराला म्या चालत जाते, भर उन्हात. बायकांस्नी गाडीची लई हौस आली म्हणत्यात." मग पदरानं बोट पुसून म्हणाली, "मला सांग ते. पायाचं."

माझ्या बहिणीनं पन्नाशीपर्यंत सायकलसुद्धा चालवलेली नाही. दोन्ही पाय धडधाकट, पण तिला कधी कुणी विचारलंच नाही. रविवार होता, गावातल्या शाळेचं मैदान मोकळं होतं. मी गाडी तिथं नेली, उतरले, तिला उजवीकडं बसवलं. सीट पुढं ओढली, आरसा तिच्या डोळ्याला येईल असा केला, पट्टा लावला. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती म्हणाली, "कुठला पाय कुठं?"

"उजवा ह्या दोन्हीला, एकाला झालं की दुसऱ्याला. डावा मागं घे, सीटखाली. तो उचलायचाच न्हाय."

तिनं चप्पल काढली आणि डावा पाय मागं घेतला. दाजींना न सांगितलेले ते चार शब्द मी तिला पाच-सहा वेळा सांगितले. गाडी सुटली, थोडी डुलली, झेंड्याच्या खांबापासून सरळ निघाली. एकदाही धक्का बसला नाही. मैदानाची एक फेरी, दुसरी, तिसरी. तिसऱ्या फेरीला अक्कानं खांदे खाली सोडले आणि मोठा श्वास घेतला.

तिच्या पिशवीत फोन वाजायला लागला. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी काढून बघितला, दाजींचा होता. अक्कानं नजर समोरून हलवली नाही.

"तूच बोल," ती म्हणाली. "आन् खरं सांग."

मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "दाजी, अक्काला आत्ता बोलता यायचं न्हाय. ती गाडी चालवायलीय."